स्पीकर मोजू नका, कोन मोजा

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जाऊन ‘सराउंड साउंड दाखवा’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘५.१ दाखवू की ७.१?’ तुमचे बूट जरा बरे असतील तर ‘७.१.४’ हा आकडाही पुढे सरकवला जातो. हे आकडे म्हणजे खोक्यांची मोजदाद. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, सात स्पीकर आणि एक सबवूफर, वर छताला आणखी चार. जितकी खोकी जास्त तितकं ‘सराउंड’ जास्त, असा साधा हिशेब. सिनेमापुरता तो निम्मा-अर्धा खरा आहे. अ‍ॅम्बिसॉनिक रेकॉर्डिंगच्या बाबतीत तो साफ खोटा आहे. तरीही गेली काही वर्षं अ‍ॅम्बिसॉनिक रेकॉर्डिंग याच हिशेबाने वाजवली जातायत, वाईट ऐकू येतायत, आणि मग ‘छे, यात काही दम नाही’ म्हणून बाजूला टाकली जातायत.

माझं म्हणणं असं की चार सारखे स्पीकर, मोजून-मापून ठेवलेले, अकरा स्पीकरच्या चकचकीत किटपेक्षा या कामाला सरस ठरतात. त्यासाठी टेप, पेन्सिल आणि नववीची भूमिती पुरते. दुकानदाराला हे सांगण्यात काही फायदा नाही, म्हणून तो सांगत नाही. ते ठीक. पण ज्यांचं हेच काम आहे, म्हणजे प्रदर्शनं भरवणारे, ध्वनिसंग्रह करणारे, ‘इमर्सिव्ह अनुभव’ विकणारे, तेही हे करत नाहीत, तेव्हा राग येतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. तुमच्या फोनवर कधी ना कधी ‘८डी ऑडिओ, हेडफोन लावूनच ऐका’ अशी क्लिप आलीच असेल. त्यात असतं काय? एक साधं स्टिरिओ गाणं डोक्याभोवती गरागरा फिरवलेलं, वर थोडी घुमी मिसळलेली. आठ मिती कुठल्या, ते करणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मेरी-गो-राउंडमध्ये बसवून गाणं ऐकवावं तसला प्रकार. त्यात कुठल्याच जागेचा आवाज नसतो. अ‍ॅम्बिसॉनिकचं काम याच्या बरोबर उलटं आहे: एका जागी, एका क्षणी, कुठल्या दिशेने काय येत होतं ते टिपून ठेवायचं.

ते टिपतात कसं, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण स्पीकर कुठे ठेवायचे याचं उत्तर त्यातच आहे. स्टिरिओ किंवा ५.१ रेकॉर्डिंग म्हणजे स्पीकरांना लिहिलेली पत्रं. हे डाव्याला, हे उजव्याला, हे मागच्या डाव्याला. अ‍ॅम्बिसॉनिक फाइलमध्ये कुठल्याच स्पीकरचा पत्ता नसतो. पहिल्या ऑर्डरच्या, म्हणजे सगळ्यात साध्या, फाइलमध्ये चार चॅनल असतात. डब्ल्यू हा चॅनल सांगतो की सगळ्या दिशांनी मिळून त्या जागी काय ऐकू आलं. एक्स पुढचं-मागचं सांगतो: समोरून आलेला आवाज त्यात सुलटा उमटतो, मागून आलेला उलटा, आणि अगदी बाजूने आलेला उमटतच नाही. वाय हेच काम डाव्या-उजव्यासाठी करतो, झेड वर-खालीसाठी. माइकही त्याच बेताचा असतो. एका डोक्यात चार छोटे माइक, चतुष्फलकाच्या चार बाजूंवर बसवलेले. त्या चौघांच्या बेरजा-वजाबाक्या करून डब्ल्यू, एक्स, वाय, झेड निघतात.

म्हणजे फाइल हे अजून न बेतलेलं कापड आहे. ते तुमच्या खोलीच्या मापाने शिवणारा शिंपी म्हणजे डिकोडर. स्पीकर कुठल्या कोनात, किती अंतरावर आहेत हे त्याला सांगितलं की तो प्रत्येक स्पीकरला त्याच्या वाटचा आवाज बेतून देतो. शिंप्याला छाती ४२ ऐवजी ३६ सांगितली तर सदरा फाटणारच. त्यात कापडाचा काय दोष?

ही कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘क्वाड्रोफोनिक’ नावाची लाट आली होती. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर, आणि दोन स्पीकरांमधला आवाज त्या दोघांतच वाटून द्यायचा. सीबीएसची एक पद्धत, सान्सुईची दुसरी, जेव्हीसीची तिसरी. एकीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर धड वाजायची नाही. दशक संपेपर्यंत सगळं गुंडाळलं गेलं. त्याच काळात ऑक्सफर्डमधला मायकेल गेर्झन हा तरुण गणिती, आणि रेडिंग विद्यापीठातले पीटर फेल्गेट, हे ‘मुळात चार स्पीकरांचं काम काय?’ असा प्रश्न विचारत होते. स्टिरिओत दोन स्पीकर तुमच्याशी सुमारे ६० अंशांचा कोन करतात, म्हणून मधोमध गायिका उभी आहे असा भास टिकतो. क्वाडमध्ये तो कोन ९० चा झाला आणि मधली गायिका डळमळायला लागली. बाजूला तर आणखी वाईट. एक स्पीकर कानाच्या पुढे, एक मागे, आणि दोघांच्या मधला आवाज नेमका कुठून येतोय हे कानाला ठरवताच येत नाही. तो टुणकन या स्पीकरवर नाहीतर त्या स्पीकरवर उडी मारतो.

गेर्झनचं उत्तर असं की कुठल्याही दिशेचा आवाज दोन स्पीकरांत वाटायचाच नाही. चौघांनी मिळून तो उभा करायचा. चौरसात समोरच्या डाव्या कोपऱ्याच्या दिशेने येणारा आवाज घ्या. खालच्या सुरांसाठी डिकोडर त्या कोपऱ्यातल्या स्पीकरला ०.७५ इतका वाटा देतो, शेजारच्या दोघांना ०.२५, आणि कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे मागच्या उजव्याला, उणे ०.२५. उणे म्हणजे उलटा. एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा समोरासमोरचा ओढतो. मधोमध बसलेल्या माणसाच्या डोक्याजवळची हवा मग तशीच हलते, जशी मूळ जागी माइकजवळ हलली होती. सराउंड ऐकताना ‘मागचा स्पीकर वाजतोच कुठे?’ म्हणून त्याला कान लावणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण समोरचा माणूस बोलत असतानाही मागचा स्पीकर कामावर असतो.

या एका गोष्टीतून बाकीचे सगळे नियम निघतात. मला वाटतं ही गोष्ट न समजताच लोक खोकी विकत घेतात.

चौघे मिळून काम करणार तर चौघे सारखे हवेत. पुढे दोन भारदस्त टॉवर आणि मागे हातात मावतील असे दोन डबे, ही जी प्रत्येक होम थिएटर किटची रचना असते, ती इथे चालत नाही. ढकलणारा पहिलवान आणि ओढणारा पोरगा असला की दोरी मधे राहत नाही. तेव्हा चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे. मध्यम आकाराचे, जुन्या बाजारातले असले तरी हरकत नाही. प्रत्येकाच्या मागची लाल-काळी वायर त्याच क्रमाने जोडलेली हवी. एकाची उलटी लागली तर नुसती एक दिशा बिघडत नाही, सगळं चित्र कोसळतं, आणि का कोसळलं ते लवकर सापडत नाही.

चौघे तुमच्यापासून सारख्या अंतरावर हवेत. आपल्या खोल्या चौरस नसतात. मग? मग आयत करा. आयताचे कर्ण जिथे छेदतात तो बिंदू चारही कोपऱ्यांपासून सारख्याच अंतरावर असतो. हे शाळेत घोकलं तेव्हा याचा कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. १० बाय १२ ची खोली घ्या. प्रत्येक भिंतीपासून दोन फूट आत आलात की उरला ६ बाय ८ चा आयत. मध्यापासून बाजूला तीन फूट, पुढे चार फूट, म्हणजे पायथागोरसच्या कृपेने प्रत्येक स्पीकर नेमका पाच फुटांवर. नाकासमोरच्या रेषेशी पुढच्या स्पीकरांचा कोन सुमारे ३७ अंश, मागच्यांचा १४३. डिकोडरला द्यायचे आकडे हेच: डावीकडे ३७ आणि १४३, उजवीकडे उणे ३७ आणि उणे १४३. तिथे आळसाने ४५ आणि १३५ लिहिलंत तर तुम्ही शिंप्याशी खोटं बोललात. चौरसासाठी डिकोडर एक्स आणि वाय दोघांनाही १.४१ पट वजन देतो. आपल्या आयतासाठी एक्सला १.२५ आणि वायला १.६७ द्यायला हवं, कारण स्पीकर पुढे-मागे गोळा झालेत आणि बाजूच्या दिशांना आधार कमी पडतोय. हा फरक काही हौशी लोकांचा छंद नाही, चांगला ऐकू येण्याइतका मोठा आहे. या आयतात समोरचा आवाज चौरसापेक्षा घट्ट होतो, बाजूचा जरा सैल. तेवढी किंमत मोजावी लागते. लांबी रुंदीच्या दुपटीपुढे मात्र नेऊ नये.

अंतर सारखं ठेवणं जमतच नसेल, मधे कपाट आलं, दार आलं, तर जवळच्या स्पीकरला उशिरा वाजवायचं. ध्वनीला एक फूट जायला सुमारे ०.९ मिलिसेकंद लागतात. एखादा स्पीकर फूटभर जवळ असेल तर त्याला तेवढा उशीर द्या आणि आवाज किंचित कमी करा. सॉफ्टवेअरमध्ये दोन आकडे टाकायचं काम.

आयताचा मध्य मात्र खोलीच्या अगदी मधोमध आणू नका. समोरासमोरच्या भिंतींमध्ये खर्जाच्या ज्या लाटा उभ्या राहतात, त्यातल्या सगळ्यात लांब लाटेचा दाब बरोबर मध्यावर शून्य असतो. तिथे बसलात तर मृदंगाचा धुम गायब. सगळा आयत फूटभर पुढे किंवा मागे सरकवला की पुरे. आणि स्पीकर भिंतींच्या कोपऱ्यांत घुसवू नका. कोपरा खर्ज फुगवतो. स्पीकरची उंची बसलेल्या माणसाच्या कानाएवढी, तोंड त्याच्याकडे.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या हॉलमध्ये टीव्ही या भिंतीला, सोफा त्या भिंतीला चिकटलेला, मागे स्पीकर ठेवायला चार बोटांची जागा नाही. मान्य. पण ऐकणं म्हणजे फर्निचर नव्हे. चार स्टुलं, मधे एक प्लास्टिकची खुर्ची, जमिनीवर खडूच्या चार खुणा. तासभर ऐका आणि उचलून ठेवा. सोफ्यावर लोळूनच ऐकायचं असेल तर सिनेमा बघा, मी कशाला नाही म्हणू?

चारापेक्षा जास्त स्पीकर नकोतच का? जागा मोठी असेल तर सहा उत्तम. नियमित षटकोनात पहिल्या ऑर्डरचं रेकॉर्डिंग चौरसापेक्षा स्थिर लागतं आणि मध्यापासून थोडं हललं तरी टिकतं. पण त्यापुढे लोभ कामाचा नाही. फाइलमध्ये आडव्या दिशांची माहिती तीनच चॅनलची: डब्ल्यू, एक्स, वाय. ती बारा स्पीकरांत वाटलीत तर शेजारशेजारचे स्पीकर जवळपास एकच गोष्ट बोलायला लागतात. डोकं जरा हललं की त्यांचे आवाज एकमेकांना खोडतात आणि वरचे सूर पोकळ होतात. दहा माणसांनी एकच वाक्य एकाच वेळी, पण किंचित मागे-पुढे म्हटल्यासारखं. जास्त स्पीकर सार्थकी लावायचे असतील तर रेकॉर्डिंगच वरच्या ऑर्डरचं हवं. दुसऱ्या ऑर्डरला ९ चॅनल, तिसरीला १६. तिसऱ्या ऑर्डरला आडव्या वर्तुळात आठ स्पीकर शोभतात. पण फिल्डवर नेता येतील असे परवडणारे माइक बहुतेक पहिल्याच ऑर्डरचे आहेत.

उंचीचंही तसंच. छताला चार स्पीकर लटकवले म्हणजे ‘वरचा’ आवाज आला, असं होत नाही. वरचा ढकलणार तर खालच्याने ओढायला हवं. म्हणून आठ स्पीकरांचा घन: चार जमिनीलगत, चार छतालगत, आणि तुमचे कान दोन्हींच्या मधल्या पातळीवर. ते जमत नसेल तर झेड सरळ सोडून द्या. अर्धवट उंचीपेक्षा प्रामाणिक सपाटी बरी.

हे सगळं माझ्या डोक्यात का खदखदतंय ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शहरात एक ध्वनिप्रदर्शन होतं. पालखीच्या वाटेवर अ‍ॅम्बिसॉनिक माइकने केलेलं रेकॉर्डिंग, अंधारी खोली, चार कोपऱ्यांत चार सुंदर खांब, त्यावर चार स्पीकर. भिंतीवर ‘३६० अंश’ असं ठळक अक्षरात. मी आत गेलो आणि दोन मिनिटांत काहीतरी भलतंच वाटायला लागलं. दिंडी जवळ येत होती, लांब जात होती, पण कुठूनही कुठेही जात नव्हती. एक स्पीकर सतत भरून वाजत होता. दुसरा मधेच बारीक व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा. चौथ्यातून कसलीतरी फिकट कुजबुज. बाहेर येऊन विचारलं तेव्हा कळलं, फाइलमधले चार चॅनल चार स्पीकरांना सरळ जोडले होते. चार चॅनल, चार स्पीकर, झालं सराउंड! डिकोडर नव्हताच. म्हणजे एक खांब डब्ल्यू वाजवत होता, एक एक्स, एक वाय, आणि ती फिकट कुजबुज झेडची. दिंडी वायच्या शून्यातून गेली की तो खांब गप्प व्हायचा आणि पलीकडे गेली की उलटा होऊन वाजायचा. माझ्याशी बोलणारा माणूस सज्जन होता. म्हणाला, ‘लोकांना आवडतंय की सर.’

लोकांना आवडत होतं हे खरं. लोकांनी मूळ कुठे ऐकलंय? चौकात उभं राहून दिंडी अंगावरून गेलेली ज्यांनी ऐकलीय त्यांना माहीत आहे की तिथे ‘समोर’ असं काही नसतं. दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा, मधे मृदंग, पुढची दिंडी वेगळ्या अभंगावर, मागची तिसऱ्याच लयीत, आणि तुम्ही या सगळ्याच्या पोटात. दोन स्पीकरांनी हे होत नाही, कारण दोन स्पीकर गृहीत धरतात की संगीत रंगमंचावर असतं आणि तुम्ही खुर्चीत. डीजेच्या भिंतीचंही गृहीतक तेच, फक्त खुर्ची काढून घेतलेली. चारी बाजूंनी ऐकणं आपल्याला नवं नाही. गोल करून बसलेलं भजन ऐका, मिरवणुकीत ताशाच्या मधोमध सापडा. ते यंत्रातून तसंच परत ऐकवण्याची रीत पन्नास वर्षांपूर्वी सापडलेली असताना आपण ती खांबांच्या सजावटीत घालवली, याचा राग.

याच जातीचा आणखी एक घोळ घरोघरी होतो. चॅनलांचा क्रम दोन प्रकारचा असतो. जुना, फ्यूमा नावाचा: डब्ल्यू, एक्स, वाय, झेड. नवा, अ‍ॅम्बिएक्स: डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. यूट्यूबच्या ३६० अंशांच्या व्हिडिओंना नवा लागतो. नवी फाइल जुन्या क्रमाच्या डिकोडरला दिलीत तर डावीकडचा आवाज समोर येतो, वरून पडणारा पाऊस डाव्या हाताला पडतो, आणि समोरचा माणूस छतात जाऊन बसतो. हे ऐकूनही कुणी ‘वा, काय इमर्सिव्ह’ म्हणतं तेव्हा मला तो शब्दच नको होतो. यावर इलाज सोपा. रेकॉर्डिंग सुरू करताना एका मित्राला माइकभोवती एक फेरी मारायला सांगा, बोलत: ‘मी समोर, मी डावीकडे, मी मागे, मी उजवीकडे.’ घरी वाजवल्यावर तो त्याच वाटेने फिरला पाहिजे. बास.

आता आक्षेपांकडे येतो.

‘५.१ घरात आहेच, त्यावरच वाजवू की.’ त्या मांडणीचे आंतरराष्ट्रीय शिफारशीतले कोन बघा: मधला शून्यावर, पुढचे दोन ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० च्या दरम्यान. म्हणजे पुढच्या ६० अंशांत तीन स्पीकर दाटीवाटीने, आणि पाठीमागे १४० अंशांच्या आसपास भगदाड. संवाद पडद्यावरून यावेत म्हणून ही रचना केलीय आणि त्या कामाला ती चोख आहे. १९९२ मध्ये गेर्झन आणि जेफ्री बार्टन यांनी अशा वाकड्या मांडणीसाठीही डिकोडर मांडून दाखवले, आजची सॉफ्टवेअर आणखी हुशार आहेत. पण पाठीमागे जिथे खोकंच नाही तिथे गणित तरी काय उभं करणार? त्यापेक्षा मधला स्पीकर काढा, उरलेले चार सारखे असतील तर आयतात मांडा.

‘अ‍ॅटमॉस हेच करतं ना?’ काही अंशी. तिथेही आवाजाबरोबर त्याची जागा साठवतात आणि खोलीनुसार वाटणी होते. पण ते स्टुडिओत रचायचं तंत्र आहे. हेलिकॉप्टर इथून तिथे न्यायचं असेल तर ते घ्या. जंगलात उभं राहून ‘ऑब्जेक्ट’ रेकॉर्ड करता येत नाहीत. जंगल सगळं एकदमच येतं. शिवाय अ‍ॅटमॉसला एका कंपनीचा परवाना आहे. अ‍ॅम्बिसॉनिकची मूळ पेटंट केव्हाच संपली. ग्राझच्या संस्थेचा आयईएम प्लगइन संच फुकट आहे, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातून आलेला स्पार्टा फुकट आहे. गेर्झन १९९६ मध्ये वयाच्या पन्नाशीत गेला. त्याच्या हयातीत व्यापारी दृष्ट्या ही पद्धत अपयशीच ठरली होती.

‘पहिली ऑर्डर धूसर असते.’ असते. गेर्झनच्याच मापाने प्रत्यक्ष एका जागेहून येणाऱ्या आवाजाचा रेखीवपणा १ धरला, तर नियमित मांडणीत पहिल्या ऑर्डरचा आडवा आवाज जास्तीत जास्त ०.७०७ पर्यंत पोचतो. तेही डिकोडरने खालचे आणि वरचे सूर वेगवेगळे हाताळले तर. सुमारे ७०० हर्ट्झच्या खाली कान दोन कानांमधल्या वेळेच्या फरकाने दिशा ओळखतात, वर मुख्यतः जोराच्या फरकाने. ज्या डिकोडरला हे माहीत नाही तो घेऊ नका. पण धूसर म्हणजे चुकीचं नव्हे. पावसात घाटाचा रस्ता धूसरच दिसतो, तरी डावीकडे दरी आहे हे कळतं.

सगळ्यात वजनदार आक्षेप हेडफोनचा. ‘फोन आहे, इअरबड आहेत, डोकं वळवलं की आवाजही जागच्या जागी राहतो, स्पीकरांचा पसारा कशाला?’ सोय मोठी आहे, मीही वापरतो. पण हेडफोनवर दिशा उभी करायला सॉफ्टवेअर सहसा एका सरासरी कानाचा नमुना वापरतं. तुमच्या कानाची पाळी त्या नमुन्यासारखी नसेल तर समोरचा आवाज मागे जातो, किंवा कवटीच्या आतच बसतो. स्पीकरांपुढे तुमचेच कान काम करतात, आणि मान वळवली तर काहीही मोजायला लागत नाही. दुसरं म्हणजे, हेडफोनमध्ये आजी शेजारी बसून ‘हा बघ, हा आपल्या गावचा घाणा’ असं म्हणू शकत नाही. मधल्या खुर्चीशेजारी सतरंजी टाकून तिघं जरा दाटीने बसली तर चौघांचं चित्र थोडं सरकतं, मोडत नाही.

आणि हे आत्ताच का बोलायचं? कारण रेकॉर्डिंग आत्ता होतायत. खिशात मावतील असे चार माइकवाले रेकॉर्डर २०१८ च्या आसपासपासून हौशी लोकांच्या हातात आले. कुणी पाणवठे टिपतंय, कुणी बंद पडत चाललेल्या गिरण्या, कुणी आठवडी बाजार. घरी येऊन ते वाजवायचा प्रयत्न करतात, ५.१ वर किंवा नुसत्या दोन स्पीकरांवर, आणि ‘स्टिरिओपेक्षा काही वेगळं नाही’ म्हणून स्टिरिओ करून ठेवतात. मग कार्डात जागा हवी म्हणून मूळ चार चॅनलची फाइल उडवतात. चारातून दोन केव्हाही काढता येतात. दोनातून चार पुन्हा कधीच नाही. घाण्याच्या बैलाच्या मागे कुठला दरवाजा करकरत होता, ते त्या उडवलेल्या वायमध्ये होतं.

म्हणून पुढच्या वेळी ‘३६० अंश ध्वनी’ अशी पाटी दिसली तर आत शिरण्याआधी तीनच गोष्टी विचारा: स्पीकर कुठल्या कोनांत आहेत, तेच कोन डिकोडरला दिलेत का, आणि फाइल कुठल्या क्रमाची आहे. ‘ते साउंडवाल्याला माहीत’ असं उत्तर आलं तर साउंडवाल्याला बोलवायला सांगा. त्यालाही माहीत नसेल तर तिकिटाचे पैसे परत मागा.